चष्मा, नजर आणि नियत

माझ्या नाकावर चष्मा आला तेव्हा मी चौथीत होते. उर्दू लिपीत बे, पे, ते आणि से ही चार अक्षरे अंगाने अगदी सारखी. फरक काय तो नुक्त्यांचा. खाली एक नुक्ता दिला की बे, तीन दिले की पे. वर दोन दिले की ते, तीन दिले की से. मला फळ्यावरचे नुक्तेच दिसत नसत. मी अंदाजाने वाचायची आणि छडी खायची. पोरगी मठ्ठ आहे असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. मग एकदा शाळेत डोळे तपासणारे लोक आले आणि मी मठ्ठ नसून मला मायनस तीन नंबर आहे, हे घरच्यांना कळले. चष्मा लावून पहिल्यांदा बाहेर आले तेव्हा लिंबाच्या झाडाला वेगवेगळी पाने असतात हे मला दिसले. तोवर ते झाड म्हणजे एक हिरवा ढीग होता.

आज मी सदतीस वर्षांची आहे. नंबर साडेसहावर येऊन थांबला आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, राहायला काष्टीला आहे. अठ्ठावीस वर्षे ज्या वस्तूने मला जग दाखवले, ती काढून टाकावी की राहू द्यावी, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे उभा राहिला. प्रश्न छोटा आहे. जगात लोक उपाशी आहेत, माणसे मारली जात आहेत, आणि ही बाई चष्म्यावर लेख लिहिते, असे कोणी म्हणेल. पण मोठे प्रश्न आपल्या दारात क्वचित येतात. येतात ते असेच छोटे, आणि आपण कसे विचार करतो हे त्यांच्यातूनच उघडे पडते.

चष्मेवाल्याचे हाल चष्मेवाल्यालाच माहीत. पाच वेळच्या वुजूला पाच वेळा काढायचा, पाच वेळा पुसायचा. सजद्यात गेले की काडी टोचते. काढून ठेवला तर बाजूच्या बाईच्या गुडघ्याखाली जाण्याची भीती. भाकरी भाजताना वाफ, पावसात थेंब, हिवाळ्यात नकाबातला श्वास वर येऊन भिंगांवर बसतो. उसाच्या ट्रॅक्टरमागून जाताना धूळ. रात्री मूल रडून उठले की आधी हात चष्मा शोधतो आणि मग मुलाला. आणि चष्मा शोधायलाच चष्मा लागतो, ही गंमत निराळीच.

माझ्या नवऱ्याने हे सगळे पाहिले होते. तेच एक दिवस म्हणाले, "लेसर करून घे ना. किती दिवस हा त्रास काढणार?" त्यांच्या बोलण्यात प्रेम होते, यात मला शंका नाही. आम्ही पुण्याला एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तासभर वेगवेगळ्या यंत्रांवर तपासले. बुबुळाची जाडी पुरेशी आहे, आकार ठीक आहे, नंबर कित्येक वर्षे बदललेला नाही, म्हणजे करता येईल. खर्च दोन्ही डोळ्यांचा मिळून साठ हजारांच्या घरात. "विचार करून सांगा," डॉक्टर म्हणाले. तो विचार मी वर्षभर केला. त्याचाच हा हिशेब.

आधी हे काम काय आहे ते समजून घेणे भाग होते. न समजता हो म्हणणे आणि न समजता हराम म्हणणे, या दोन्ही सवयी आपल्या समाजाला आहेत. लांबचे न दिसणाऱ्या माणसाचा डोळा बहुधा थोडा लांबट झालेला असतो. बाहेरून आलेला प्रकाश पडद्यावर पोचण्याआधीच एकत्र येतो आणि पडद्यावर धूसर चित्र पडते. चष्म्याचे भिंग तो प्रकाश थोडा पसरवून आत पाठवते. लेसरची शस्त्रक्रिया हेच काम निराळ्या रीतीने करते. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, ज्याला पारपटल म्हणतात, त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. लॅसिक नावाच्या पद्धतीत त्याच्या वरचा पातळ पापुद्रा उचलून बाजूला करतात, खालचा थर लेसरने घासून थोडा सपाट करतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. थेंब टाकून डोळा बधिर केलेला असतो, म्हणून दुखत नाही. प्रत्यक्ष लेसर काही सेकंदच चालतो. जितका नंबर मोठा तितका थर जास्त घासावा लागतो. घासलेला थर पुन्हा उगवत नाही.

या शोधाची एक बाजू मला फार आवडली. मद्रासकडचे रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ साली त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की एक्सायमर नावाचा लेसर सजीवाच्या शरीरातला भाग आजूबाजूला न जाळता स्वच्छ कापतो. प्रयोगाला त्यांनी काय घेतले होते? घरी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याचे अवशेष. पुढे १९८३ साली स्टीफन ट्रोकेल या डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर वासरांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले, आणि तिथून ही विद्या माणसाच्या डोळ्यापर्यंत आली. काष्टीसारख्या जनावरांच्या बाजाराच्या गावात राहून हे वाचताना मला गंमत वाटली. बैल-वासरांकडे आम्ही शंभर नजरांनी पाहतो, पण त्यांच्या डोळ्यांचे आपल्या डोळ्यांवर एवढे उपकार आहेत हे ठाऊक नव्हते.

घरी गोष्ट निघाली तेव्हा पहिला आक्षेप सासूबाईंचा. "अल्लाहने दी हुई आँख है. उसमें छेडछाड कायकू?" आमच्या शेजारच्या खालांनीही हेच सांगितले. या आक्षेपाला हसून उडवणारी मी नाही, कारण त्याला आधार आहे. अल्लाहच्या घडणीत बदल करायला लावणे ही सैतानाची चाल असल्याचे कुरआनच्या चौथ्या सूरेत येते. सुंदर दिसण्यासाठी दात घासून त्यांत फट पाडणाऱ्या स्त्रियांचा निषेध करणारी हदीसही सर्वांना माहीत आहे. मग बुबुळ घासणे त्यातच मोडत नाही काय?

पण दुसरी हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. अर्फजा नावाच्या सहाबींचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, ते सडून वास येऊ लागला. तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक करून घ्यायला सांगितले. पुरुषांना सोने वापरायची एरवी मनाई, तरी! म्हणजे बिघडलेले दुरुस्त करणे आणि धडधाकट असलेले हौसेपोटी बदलणे यांत फरक केलेला आहे. आजारावर इलाज करण्याचीही आज्ञा आहे. आपल्या पूर्वजांनी ती मनावर घेतली होती. हजार वर्षांपूर्वी कैरोत अम्मार अल-मौसिली हा वैद्य पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवतो. आपल्याकडे त्याच्याही आधी सुश्रुताच्या ग्रंथात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे वर्णन आहे. आज आमच्या गावातली कितीतरी म्हातारी माणसे मोतीबिंदू काढून, आत कृत्रिम भिंग बसवून कुरआन वाचतात. सासूबाईंनी स्वतः ते केले आहे. "ती अल्लाहने दिलेली आँख नव्हती का?" असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "वो तो जरूरत थी."

सासूबाई शाळेत फारशा गेलेल्या नाहीत. पण त्यांनी एका शब्दात प्रश्न योग्य जागी आणून ठेवला. प्रश्न हलाल-हरामचा नाहीच. ज्या आलिमांना विचारले त्यांनी नजरेचा दोष घालवण्यासाठी हे करायला हरकत नाही असेच सांगितले. पण हरकत नाही म्हणजे करावेच असे होत नाही. परवानगी मिळाली की आपला विचार संपतो, ही आपली मोठी चूक. परवानगी फक्त दार उघडते. त्यातून जायचे की नाही हे आपले आपल्याला ठरवावे लागते, आणि त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागणार असतो.

जरूरत म्हणजे काय? आपल्या शास्त्रकारांनी, इमाम गझालींसारख्यांनी, माणसाच्या गरजांच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. ज्याच्यावाचून जीवन मोडते ती पहिली, जरूरत. ज्याच्यावाचून जीवन अडते, जड होते ती दुसरी, हाजत. आणि ज्याने जीवन सुंदर होते, साजरे होते ती तिसरी. चष्मा असताना लेसर करणे पहिल्या पायरीवर नाही, हे उघड आहे. चष्म्याने मला पूर्ण दिसते. मग ते दुसऱ्या पायरीवर आहे की तिसऱ्या?

इथे मला दिसले की उत्तर माणसागणिक बदलते. उसाच्या फडात पाचट तोंडावर येत असताना कोयता चालवणाऱ्याला, पाण्यात काम करणाऱ्याला, ज्याच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत फार फरक असल्याने चष्माच सहन होत नाही अशाला, ही हाजत आहे. त्यांना नाकावरच्या काचेचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणा होईल.

कधी कधी मात्र गरज डोळ्याची नसते, नोकरीच्या नियमाची असते. आमच्या गावावरून दौंड-मनमाड रेल्वेमार्ग जातो. दौंड जंक्शन हाकेवर. त्यामुळे इथल्या पोरांचे एक मोठे स्वप्न म्हणजे इंजिन चालवायचे. आमच्या नात्यातला एक मुलगा सहायक लोको पायलटच्या भरतीची तयारी करत होता. त्या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर सहा-सहा लागते. याला पाऊण नंबर. कोणीतरी सांगितले, लेसर मार, पास होशील. सुदैवाने त्याने आधी जाहिरात नीट वाचली. लेसरची शस्त्रक्रिया करून घेतलेला उमेदवार या पदाला चालत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. सैन्यदलात काही ठिकाणी ठरावीक अटींवर चालते, इथे नाही. मग सल्ला देणाऱ्याने पुढचा सल्ला दिला. करून घे आणि सांगू नको. मुलगा माझ्याकडे आला. मी म्हणाले, "शेकडो माणसे मागे बसवून तू गाडी नेणार आणि पहिल्याच कागदावर खोटे लिहिणार? नियम चुकीचा वाटत असेल तर त्याविरुद्ध अर्ज कर, पण नजर लपवून नजरेचे काम घेऊ नकोस." तो आता रेल्वेतल्याच दुसऱ्या पदाची तयारी करतो आहे, जिथे चष्मा चालतो. त्याचे दुःख गेलेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आणि मग येते आपल्या समाजातली सर्वांत मोठी 'जरूरत'. मुलीचे लग्न.

काष्टीला शनिवारी बाजार भरतो. लांबलांबून बैल येतात. घेणारा बैलाचे तोंड उघडून दात मोजतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळला आहे, हे पाहतो. चालवून बघतो, वशिंडावर हात फिरवतो, शेपटी उचलतो. मग रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरतो. यात काही वाईट नाही. बैलाला कामाला न्यायचे आहे. पण मुलगी बघायला आलेली माणसे पाहिली की मला शनिवार आठवतो. चालायला लावतात, बोलायला लावतात, हाताची बोटे बघतात. आणि चष्मा असला की बघणाऱ्यांपैकी एक बाई हळूच विचारते, "नंबर कितना है?" माझ्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आला तो याच एका गोष्टीवरून. तिसऱ्या ठिकाणी जाताना अम्मी म्हणाली, "जरा वेळ काढून ठेव." मी काढला आणि चहाचा ट्रे घेऊन जाताना उंबऱ्याला अडखळले. ज्यांनी ते पाहून हसण्याऐवजी उठून ट्रे धरला, ते आज माझे पती आहेत. कहाणी गोड आहे, पण सगळ्याच अडखळणाऱ्या मुलींना असा हात मिळत नाही.

आता घराघरांत नवा उपाय आला आहे. लग्न ठरवायच्या आधी मुलीचे लेसर उरकून घ्यायचे. अठरा पूर्ण झाली की दवाखान्यात. कित्येकदा त्या वयात नंबर स्थिर झालेलाही नसतो, आणि नंबर वर्षभर तरी बदललेला नसावा असे डॉक्टर सांगत असतात. इथे बाजाराचीच एक हदीस आठवते. पैगंबर (स.) धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर आतले धान्य ओले निघाले. भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. मग लेसर करून लग्न ठरवणे आणि ते न सांगणे ही फसवणूक होते का?

यावर मी बराच विचार केला. एका बाजूने वाटते, दोष दूर केला, लपवला नाही. भिजलेले धान्य वाळवले तर ते ओले राहत नाही. दुसऱ्या बाजूने डॉक्टर सांगतात की लेसरने फक्त पारपटलाचा आकार बदलतो. लांबट झालेला डोळा लांबटच राहतो. मोठ्या नंबरवाल्यांच्या आतल्या पडद्याला जो धोका असतो तो लेसरनंतरही राहतो, तपासणी करत राहावी लागते. मुलांमध्ये नंबर उतरण्याची शक्यताही तशीच राहते. म्हणजे सांगण्याजोगे काहीतरी उरतेच. माझे मत असे झाले की विचारले तर खरे सांगावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारणाऱ्यांना विचारावा. नवऱ्या मुलाचा नंबर कोणी विचारला होता का? जाड भिंगाचा मुलगा 'पढालिखा' दिसतो आणि जाड भिंगाची मुलगी 'ऐबवाली' कशी होते? धान्याच्या राशीची उपमाच मुळी मला बोचते. मुलगी रास नाही. जिथे तिला रास समजतात तिथे प्रामाणिकपणाचे ओझे एकट्या तिच्या डोळ्यांवर टाकणे हाच अन्याय आहे.

जो इलाज डोळ्यावर होतो, त्याची खरी गरज कधी कधी बघणाऱ्याला असते. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी 'किताबुल मनाजिर' या ग्रंथात दाखवून दिले की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते. त्याआधी अनेक विद्वानांना उलटे वाटत होते. आपली भाषा अजून त्या जुन्या समजुतीतच आहे. आपण नजर 'टाकतो', नजर 'लावतो'. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक असेल. पण चष्मेवाल्या मुलीवर पडणारी नजर ज्याने सोसली आहे, त्याला त्या शब्दातले सत्य कळते. डोळ्यातून काहीतरी बाहेर जाते आणि समोरच्याला लागते. त्याला कोणतेही यंत्र अजून निघालेले नाही.

इथवर येऊन मी लेसरच्या विरुद्ध निकाल देणार असे वाचकांना वाटेल. थोडे थांबावे. माझ्या एका मैत्रिणीने सहा वर्षांपूर्वी लेसर केले. तिचे लग्न आधीच झालेले, दोन मुले. तिला कोणालाही दाखवायचे नव्हते. ती सांगते, दुसऱ्या दिवशी फजरला उठले आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पलंगावरून दिसले, मी रडले. तिच्या डोळ्यांत काही महिने कोरडेपणा राहिला, रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती वलये दिसत, मग ते कमी झाले. तिला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही. तिच्या त्या रडण्यापुढे माझे सगळे युक्तिवाद मला पोकळ वाटले. सोय हवी असणे हा गुन्हा नाही. आपल्या दीनमध्ये त्रासासाठी त्रास सोसण्याला पुण्य मानलेले नाही. सुलभ आणि कठीण अशा दोन वाटा समोर असल्या आणि सुलभ वाटेत गुनाह नसला, तर पैगंबर (स.) सुलभ वाट निवडत, असे हजरत आयशा सांगतात. सब्र हे न टळणाऱ्या गोष्टीसाठी आहे. टळणारी गोष्ट धरून बसणे याला सब्र म्हणत नाहीत. चष्म्याची पूजा मला करायची नाही.

पैशाचाही विचार आला. साठ हजारांत किती मुलांचे चष्मे होतील, असा हिशेब मी कागदावर मांडला. साधा चष्मा चारशेला धरला तरी दीडशे मुले. मोठे पुण्यवान वाटले. मग माझ्याच हातातल्या बांगड्यांकडे लक्ष गेले. त्या करताना हा हिशेब मांडला नव्हता. जो हिशेब आपण फक्त नको असलेल्या खर्चाला लावतो, तो हिशेब नसतो, सबब असते. तो कागद मी फाडला.

शेवटी मी स्वतःलाच एक प्रश्न घातला. मला पाहणारे कोणीच नसते, ओसाड गावात एकटीच राहत असते, तर मी हे केले असते का? माझ्या मैत्रिणीचे उत्तर 'हो' आहे. पलंगावरून घड्याळ बघायला तिने केलेच असते. माझे उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, कारण मन फसवते. वुजू, वाफ, पाऊस ही कारणे मी सगळ्यांना सांगत होते. पण त्यांची मला सवय झाली आहे. खरे कारण मला दवाखान्यातून परत येताना एस.टी.त सापडले होते. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचा निकाह होता आणि त्या फोटोंत मी कशी दिसेन, याचा विचार मी दौंड येईपर्यंत करत होते. त्या दोन घरांतून आलेले नकार सोळा वर्षांनंतरही माझ्या डोक्यात बसून होते. मला डोळे बरे करायचे नव्हते. मला त्या दोन बायकांना उत्तर द्यायचे होते, आणि त्यांना तर माझे नावही आठवत नसेल.

आमच्या तालुक्याच्या गावी, श्रीगोंद्याला, संत शेख महंमद यांची समाधी आहे. मुसलमानाच्या पोटी जन्मलेल्या या संताने सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. त्यातला संग्राम बाहेरच्या शत्रूशी नाही, आतल्या विकारांशी आहे. आम्ही त्याला नफ्सशी लढाई म्हणतो. माझी लढाई तिथेच होती आणि मी ती पारपटलावर लढायला निघाले होते.

एक व्यवहाराची गोष्टही होती. आपल्या मराठीत वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. ती माझ्यापासून तीन वर्षांवर आहे. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. लेसर केले म्हणून ते चुकत नाही. उलट आज मी चष्मा काढून कुरआनच्या बारीक जेर-जबर डोळ्यांजवळ धरून आरामात वाचते, ती सोय लेसरने जाईल आणि वाचायला चष्मा घ्यावा लागेल. विशीत करणाऱ्याला वीस वर्षे मिळतात. मला तीन-चारच मिळणार होती.

पण निर्णय झाला तो या गणिताने नव्हे. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, पाचवीत. तिला दीड वर्षापूर्वी शाळेच्या तपासणीत चष्मा लागला. आपल्या देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात शाळकरी मुलांचे डोळे तपासतात, गरीब मुलांना चष्मे फुकट देतात. तिलाही मिळाला. तो ती दप्तरात तळाशी ठेवते. मुले 'बॅटरी' म्हणतात. आणि तिच्या अम्मीने मला सांगितले, "आपा, अभीसे चष्मा लगी तो आगे कौन पूछेगा इसकू?" मी त्यांना एक तास समजावले. मी स्वतः चष्मा लावते, माझे काय अडले, असे छातीवर हात ठेवून सांगितले. आठ दिवसांनी ती मुलगी मधल्या सुटीत माझ्याजवळ आली. कुठून ऐकले कोण जाणे. म्हणाली, "आपा, तुम भी निकालने वाले ना चष्मा?"

मला उत्तर सुचले नाही. मी तिला मोठ्या माणसांचे वेगळे असते असे काहीतरी सांगितले. ती मान डोलावून गेली. तिला समजले होते. मला जे समजायला वर्ष लागले, ते तिला मधल्या सुटीत समजले होते की आपाचे बोलणे एक आहे आणि मन एक.

कुरआनच्या ऐंशीव्या सूरेची सुरुवात एका अंध माणसामुळे झाली आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम हे अंध सहाबी पैगंबरांकडे काही विचारायला आले. पैगंबर (स.) त्या वेळी कुरैशच्या बड्या लोकांशी बोलण्यात गुंतले होते, त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी त्या अंध माणसाला दिसणेच शक्य नव्हते. तरीही अल्लाहने त्या आठीबद्दल आपल्या लाडक्या पैगंबरांना टोकले. पुढे याच सहाबींना मुअज्जिनचे काम मिळाले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण यंदा ती निराळी वाटली. अल्लाहने इथे अंध माणसाच्या डोळ्यांबद्दल काही सांगितले नाही. बघणाऱ्याच्या कपाळाबद्दल सांगितले.

मी लेसर केले नाही. नवऱ्यांना कारण सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मला तर तू ट्रे घेऊन अडखळलीस तेव्हाच पसंत होतीस, मी तुझ्या त्रासासाठी म्हणत होतो." मला ठाऊक होते. उद्या माझी बहीण, माझी मुलगी, माझी विद्यार्थिनी मोठी होऊन म्हणाली की मला करायचे आहे, तर मी अडवणार नाही. पुण्याला बरोबर जाईन. फक्त वाटेत एस.टी.त तिला तो एक प्रश्न विचारीन, की कोणी बघणारे नसते तर? तिचे उत्तर 'हो' असेल तर बिस्मिल्लाह.

माझ्या वर्गातल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितले, "मी चष्मा काढणार होते. लोकांना चांगले दिसावे म्हणून. आता नाही काढणार." ती काही बोलली नाही. त्या आठवड्यात एकदा फळ्यावर इमला लिहिताना मी मागे वळून पाहिले तर तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. सगळे नुक्ते तिने बरोबर दिले होते. शाळा सुटली तेव्हा फाटकापाशी तिने तो काढून परत दप्तरात ठेवला. फाटकाच्या आत माझे काम होते. बाहेरचे काम अजून आपल्या सगळ्यांचे बाकी आहे.